पाण्याचा का तेलाचा?

धनसिंगभाऊ कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे बघत नाहीत, जमिनीकडे बघतात. तुम्ही दारात हात जोडून उभे असा, तुमची बायको पाण्याचा पेला घेऊन आलेली असो, त्यांची नजर आपली सतरंजीवरून, सोफ्याखालून, पायपुसण्यावरून फिरत असते. एखादा डाग सापडला की गडी खुलतो. खाली बसतो, बोटानं चाचपतो, नाक लावून वास घेतो आणि विचारतो, "पाण्याचा का तेलाचा?" राम राम त्याच्यानंतर.

एकदा कॉलनीतल्या एका आजोबांच्या तेरवीला आम्ही सगळे गंभीर चेहरे करून बसलो होतो. तेवढ्यात वाढणाऱ्याच्या हातून वरण सांडलं आणि घरातली सून ओला कपडा घेऊन धावली. पंगतीतून गर्जना झाली, "घासू नोका! टिपा!" सून जागच्या जागी थिजली. गुरुजींचा मंत्र अर्ध्यात राहिला. धनसिंगभाऊ पानावरून उठले, खिशातून पांढरा रुमाल काढला आणि आजोबांच्या हार घातलेल्या फोटोसमोर गुडघे टेकून वरण टिपत बसले. डाग निघाला, पण जेवण त्यांना दुसऱ्या पंगतीत करावं लागलं.

हे धनसिंगभाऊ राठोड माझ्या घरासमोर राहतात. यवतमाळला दारव्हा रोडच्या आतल्या अंगाला आमची बारा घरांची कॉलनी आहे, तिच्यात. मूळचे तांड्यावरचे. एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस-बत्तीस वर्षं अटेंडंट होते. प्राध्यापक येत गेले, रिटायर होत गेले. कोणत्या बाटलीत काय आहे हे मात्र कायम धनसिंगभाऊंनाच ठाऊक. त्या विद्येचं त्यांनी म्हातारपणी हे केलं. त्यांच्या खांद्याला वायरची एक पिशवी असते. तिच्यात टर्पेंटाइन, स्पिरिट, भांडी घासायचा पातळ साबण, खायचा सोडा, एक बोथट चमचा आणि जुन्या धोतराचे पांढरे तुकडे. रंगीत फडकं त्यांना चालत नाही. "रंगीत फडकं म्हंजे चोराच्या हाती किल्ल्या," म्हणतात. "एक डाग काढाले गेलं आन् दुसरा ठेवून आलं."

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, डाग राहतात. लग्नाची पत्रिका हातात दिली की विचारतील, "कोन, त्या डांबरवाल्याची पोरगी का?" डांबरवाला म्हणजे बँकेतले एक चांगले सभ्य गृहस्थ, दहा वर्षांपूर्वी चपलेला डांबर घेऊन घरात शिरले होते एवढाच त्यांचा गुन्हा. मी स्वतः बरेच दिवस "शाईवाले अरुणभाऊ" होतो. आणि डागाबद्दलचं त्यांचं तत्त्वज्ञान तर पाठच आहे सगळ्या कॉलनीला: "डाग पडला त्या दिवशी पाव्हना असते. रात्रभर राह्यला का घरजावई झाला समजा!"

मीच त्यांचं नाव 'टिपकागद' ठेवलं. गमतीनं ठेवलं, पण चिकटलं.

खरं सांगायचं तर माणूस कंटाळवाणा वाटायचा मला. डाग काढून झाला की जात नसत. चहा झाला तरी बसून. स्पिरिट आणि टर्पेंटाइनमधला फरक तिसऱ्यांदा सांगत. तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको, सुंदरवहिनी, गेली. तेव्हापासून हे बसणं फारच वाढलं. ते फाटकाशी दिसले की मी खिडकी लोटून घ्यायचो, हेही कबूल करतो. सगळी कॉलनी तेच करायची. काही सांडलं की मात्र बारा घरांतून एकच हाक, "धनसिंगभाऊ, या हो लवकर!"

आता आमच्या गालिच्याबद्दल. तो माझा नाही, मंगलाचा, म्हणजे माझ्या बायकोचा. ती शाळेतून रिटायर झाली तेव्हा सहकाऱ्यांनी दिलेला. बदामी रंग, कडेला वेलबुट्टी. त्याच्यावर चप्पल तर सोडाच, मोजे घालूनही जायची मला परवानगी नाही. पाहुणे आले की मंगला त्यांना हसून म्हणते, "बसा ना," आणि पायांकडे बघते. पाहुणे आपोआप सोफ्यावर पाय वर घेऊन बसतात.

यंदा पोळ्याला आमची नात मिठी पुण्याहून आली होती. वय वर्षं पाच. तिचे आईबाप नोकरीवाले. आठ दिवसांसाठी तिला सोडून गेले. पोळ्याच्या दिवशी सकाळीच मंगला बोरी अरबला माहेरी गेली. भावाच्या घरी बैल आहेत, त्यांना ओवाळायला जावंच लागतं. "उद्या दहाच्या एस.टी.नं येते. तान्हा पोळा आपण घरी करू. तेवढं पोरीला सांभाळा, आणि माझ्या गालिच्याला," असं फाटकातून बजावून गेली.

तान्हा पोळा म्हणजे आमच्याकडे लेकरांचा पोळा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे चाकाचे लाकडी बैल सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. कोणी रुपया देतं, कोणी गोळ्या-बिस्किटं. मिठीसाठी मी माळ्यावरून तिच्या बापाचा लहानपणचा बैल काढला. रंग विटलेला, अंगावर निळी झूल, तिच्यावर पिवळे ठिपके, आणि डोळ्यांना चक्क पापण्या. एकेक केस वेगळा.

"आजोबा, ह्याला पापण्या का आहेत?" मिठीनं विचारलं.

"कोण्या रिकामटेकड्यानं काढल्या असतील," मी म्हणालो. "आपण मस्त लालभडक करू याला."

लाल ऑइल पेंटचा डबा आणला. माझे गुडघे खाली फरशीवर टेकत नाहीत, म्हणून गालिच्यावर बसलो. अक्कल बघा! खाली वर्तमानपत्र अंथरलं, तेही एकच. बैलाची डावी बाजू लालभडक झाली. उजवीकडे ब्रश नेणार, तेवढ्यात मिठीला राहवलं नाही. तिनं दोरी ओढली, "हर्र!" म्हणाली, आणि बैल चालला. चालला तो थेट डब्यावर.

डबा आडवा झाला. मिठी घाबरून उठली ती रंगात पाय देऊन, आणि स्वयंपाकघराकडे धावली. बदामी गालिच्यावर लाल तळं, आणि तळ्यापासून निघालेली चार छोटी पावलं. पहिलं भडक, चौथं अगदी फिकं.

मी काय करावं? ओला टॉवेल आणून घासला. जीव खाऊन घासला. ताटलीएवढा डाग परातीएवढा झाला. मिठी दारात उभी राहून रडायला लागली. "आजी मला ओरडेल. आजी मला परत कध्धीच बोलावणार नाही." पोरगी वर्षातून एकदा येते. तिच्या मनात आमच्या घराची हीच आठवण राहिली तर? मी अंगणात जाऊन ओरडलो, "धनसिंगभाऊ! लवकर या!"

ते आले. चप्पल काढली, पाय धुतले, खाली बसले. वास घेतला. "तेलाचा," म्हणाले. मग माझ्या हातातल्या टॉवेलकडे पाहिलं. "घासलं ना?"

"घासलं."

"अन् वरतून पानी टाकलं?"

"टाकलं."

"अरुणभाऊ, तुमी सरकारी नोकरी कशी केली जी?"

मग त्यांचं लक्ष बैलाकडे गेलं. बैल वर्तमानपत्रावर उभा होता, उजवी बाजू आमच्याकडे. ते बघतच राहिले. मला वाटलं, आता बैलाच्या रंगाचंही व्याख्यान होणार. पण त्यांनी पिशवी उघडली आणि आधी मिठीला जवळ बोलावलं. "ये छोरी. पयले तुये पाय, मंग गालिचा." लेकराच्या पायाला टर्पेंटाइन लावायचं नसतं म्हणाले. खोबऱ्याचं तेल मागून घेतलं आणि मांडीवर तिचा पाय घेऊन बोटांच्या बेचक्यांतून हलकेच रंग काढत बसले. मिठीचं रडणं थांबलं. गुदगुल्या होऊन ती हसायला लागली.

मग गालिचा. चमच्यानं जाड रंग उचलला, बाहेरून आत, बाहेरून आत. आधी गालिच्याच्या कोपऱ्यात, सोफ्याखाली, टर्पेंटाइन लावून पाहिलं, बदामी रंग तर उडत नाही ना. मग पांढरं फडकं ओलं करून दाबायचं, उचलायचं. दाबायचं, उचलायचं. फडक्यावर लाल उमटलं की नवी घडी. मलाही एक फडकं दिलं. मी जरा जोर लावला की हातावर चापट, "टिपा!" दुपारचे चार तास आम्ही दोन म्हातारे गालिच्यावर रांगत होतो. माझे गुडघे बोंबलत होते. परातीचं ताट झालं, ताटाची वाटी झाली, लालाचं गुलाबी झालं आणि साबणपाण्याच्या चौथ्या हातानंतर गुलाबीही गेलं. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

पावलं राहिली होती. पहिलं गेलं, दुसरं गेलं, तिसरं तर पाच मिनिटांत गेलं. चौथ्या पावलाशी धनसिंगभाऊ थांबले. फडकं हातात तसंच. बराच वेळ बसले. मग बाटलीला झाकण लावलं.

"हा डाग निघत नाई," म्हणाले.

"अहो, सगळ्यात फिका तर आहे तो!"

"खोल गेला. मॅडमले सांगा, धनसिंगच्यानं नाई निघाला." आणि पिशवी उचलून चालायला लागले. चहासुद्धा घेतला नाही. एक बाटली आणि दोन फडकी मात्र विसरून गेले.

बत्तीस वर्षं आणि बारा घरं ज्या माणसानं कधी हार मानली नाही, तो एका फिक्या पावलाला हरला, हे माझ्या काही पचनी पडेना.

सकाळी उठलो. मंगला यायला दोन तास होते. ते पाऊल तिथंच होतं. म्हटलं, प्रयत्न करून बघू. त्यांची बाटली घेतली, फडकं ओलं केलं आणि पावलाच्या करंगळीवर दाबलं. घासलं नाही, दाबलंच. उचललं तर करंगळी फडक्यावर! गालिचा साफ. रात्रभर राहूनही डाग घरजावई झाला नव्हता.

म्हणजे हा बाबा खोटं बोलला. मी तस्साच फडकं घेऊन समोरच्या घरी गेलो. मिठी अजून झोपलेली होती.

त्यांच्या घरात मी वर्ष-दोन वर्षांत पाय ठेवला नव्हता. फरशी आरशासारखी. सतरंजीला सुरकुती नाही. भिंतीवर बोटाचा ठसा नाही. धनसिंगभाऊ मधोमध एकटे बसून चहा पीत होते.

"भाऊ, निघतो की हा डाग!" मी फडकं पुढे केलं.

त्यांनी फडक्याकडे पाहिलं. "माहीत हाये," म्हणाले. "बसा."

मी बसलो. ते म्हणाले, "तुमी तवा वनीले नोकरीवर होते. शनिवारीच काय ते घरी येत होते. तुमाले नाई माहीत. या कॉलनीतल्या साऱ्या पोट्ट्यांचे बैल माई सुंदर रंगवे. आठ-आठ दिवस. या इथं बसे, साऱ्या घरात डबे मांडून. आन् मी तिच्या मागं मागं फडकं घेऊन. तिनं थेंब पाडला का मी टिपला. तिले म्हनो, तुया एक ठिपका राहू देनार नाई मी घरात. ती हासे. म्हने, काढा, काढा, लय हौस हाये तुमाले."

त्यांनी कप खाली ठेवला.

"मी एक ठिपका नाई राहू देला, भाऊ. ती गेल्यावर सारं घर शोधलं. पलंगाच्या खाली पाह्यलं, कपाट सरकवून पाह्यलं, खिडकीच्या फटीत पाह्यलं. म्हनलं, एखादा तं सुटला असन. नाई सुटला. लय चांगलं काम करतो ना मी."

मी हातातल्या फडक्याची घडी घातली, करंगळी आत.

"काल तुमच्या घरी दिसली ती," ते म्हणाले. "बैलाच्या पापन्या. एकेक केस वेगळा काढे ती. मी म्हनो, लाकडाच्या बैलाले पापन्या कायले? तं म्हने, नाईतं धूळ जाईल न त्याच्या डोळ्यात."

कोण्या रिकामटेकड्यानं, असं मी म्हणालो होतो. तो डबा सांडला नसता तर पाच मिनिटांत ती दुसरी पापणीही मी लालभडक करून टाकली असती. "मग काल मागितला का नाही बैल? मी तेव्हाच दिला असता!"

"पोरीचा बैल हाये. तिच्या बापाचा हाये. मी कायले मागू?" ते म्हणाले. "अर्धा तं अर्धा, दिसला ना. आन् ते पाऊल... पोट्टी रविवारी जाईन पुन्याले. पुढच्या साली येईन तं पाय मोठा असन. मंग मले म्हनाल, काहून काढला? माई बदनामी झाली तं होऊ द्या. तुमी मॅडमले सांगा, नाई निघाला म्हनून."

मी घरी आलो. अजून तासभर होता आणि बाटली समोर होती. चार वेळा टिपलं असतं की सगळं साफ, आणि मी मोकळा. मी बाटलीला घट्ट झाकण लावलं, ती मोरीत ठेवून आलो आणि सोफ्यावर पाय वर घेऊन मंगलाची वाट बघत बसलो. मिठी उठली आणि माझ्या कुशीत शिरून बसली. आम्ही दोघंही सारखेच घाबरलेले होतो.

मंगला आली. पर्स खांद्यालाच, हातात पुरणपोळीचा डबा. नजर सरळ गालिच्यावर.

"हे काय?"

"काल जरा रंग सांडला," मी म्हणालो. "बाकी सगळा निघाला. एवढा एक धनसिंगभाऊंच्यानंही निघाला नाही."

तीस वर्षं पोरांच्या सबबी ऐकलेली बाई ती. "त्यांच्यानं निघाला नाही? कोणाला सांगता?" असं म्हणत ती वाकली. डबा खाली ठेवला. पावलाशेजारी आपली वीत ठेवून पाहिली. वीतभरही नव्हतं ते. मिठी माझ्या मागून म्हणाली, "आजी, सॉरी. मी पुढच्या वर्षी आले तर चालेल का?"

"अगं माझे बाई!" मंगलानं तिला उचलून छातीशी धरलं. मी हुश्श करणार, तोच तिच्या खांद्यावरून प्रश्न आला, "करंगळी कुठे गेली?"

"मी पुसली. बघत होतो, निघते का."

"तुम्हाला कोणी सांगितले होते नसते उद्योग?" अशी कडाडली की रंग सांडल्याबद्दलसुद्धा ती तेवढी कडाडली नसती. मग तिची नजर बैलावर गेली. "आणि हा तर सुंदरवहिनींचा बैल! ह्याला लाल फासलंत तुम्ही?"

मग मी सगळं सांगितलं. पलंगाखालचं, कपाटामागचं, पापण्यांचं. ऐकता ऐकता मंगलानं पदर डोळ्याला लावला, आणि पदर खाली आल्यावर माझ्यावरच उखडली. "तीन वर्षं तो माणूस समोर एकटा राहतोय. काही सांडलं नसताना एकदा तरी बोलावलंत त्याला?"

"तू तरी कुठं बोलावलंस?" मी म्हणालो.

तिनं पुरणपोळीचा डबा उचलला. "जा," म्हणाली. "जेवायला बोलावून आणा."

मी पुन्हा समोर गेलो. मला फाटकातून येताना बघूनच धनसिंगभाऊ उठले. दारात आले तोवर वायरची पिशवी खांद्याला.

"काय सांडलं? पान्याचं का तेलाचं?"

"काही नाही सांडलं, भाऊ."

"मंग कायले बोलावून राह्यले?"

"मंगलानं बोरी अरबहून पुरणपोळ्या आणल्या. जेवायला चला. आणि संध्याकाळी मिठीच्या बैलासोबत कॉलनीत फिरायला माणूस पाहिजे. लाल बाजू भिंतीकडे ठेवू. पापण्यांची बाजू लोकांकडे."

ते उंबऱ्यात तसेच उभे राहिले. पिशवी उतरवली, पुन्हा खांद्याला लावली.

"काहीच नाई सांडलं?"

"काहीच नाही."

मग त्यांनी पिशवी आत जाऊन खुंटीला अडकवली आणि दारातून नुसतं डोकं बाहेर काढलं. "थांबा जरा," म्हणाले. "शर्ट बदलून येतो. पाव्हना म्हनून कुठं गेलो नाई मी लय दिवसांत."